‘काही झाले नाही’ म्हणण्यापूर्वी

मृगाचा पाऊस एकदा धरला की गोमंतकातील जुन्या घरांचे रूप पालटते. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ चढते, तुळशीवृंदावनाभोवतीची वाट निसरडी होते, न्हाणीतील दगड दिवसभर ओला राहतो आणि पडवीतून आत येणाऱ्या पावलांबरोबर पाणीही सोप्यापर्यंत येते. याच दिवसांत घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागते. पहाटे पूजेची फुले काढावयास गेलेले आजोबा अंगणात घसरतात, किंवा न्हाणीतून बाहेर पडताना आजीचा तोल जातो. धावपळ होते, दोघे-तिघे हात धरून उठवतात, कपडे झटकले जातात, आणि पडलेली व्यक्तीच सर्वांच्या आधी सांगून टाकते, “काही झाले नाही.” मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. आजचा अग्रलेख आम्ही या एका वाक्यासाठी खर्ची घालीत आहोत. वृद्ध माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरे ठरते. परंतु कधी कधी तेच प्राणघातक ठरते, आणि या दोहोंतील भेद पडल्याच्या क्षणी कळत नाही. तो पुढील काही तासांत, दिवसांत, प्रसंगी आठवड्यांत कळून येतो. तेव्हा त्या काळात कोणी डोळे उघडे ठेवून पाहत आहे की नाही, यावर एका जिवाचे भवितव्य अवलंबून असते.

हा विषय अग्रलेखाच्या योग्यतेचा आहे काय, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. आपल्या राज्याचा विचार केला तर २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के असताना गोव्यात ते ११.२ टक्के होते. केरळनंतर हेच प्रमाण अधिक. म्हणजे गोवा हे वृद्धांचे राज्य होऊ लागले त्यास आता बराच काळ लोटला. त्यातच घरातील तरुण मुले मुंबई-पुण्यास, आखातात वा त्याहून दूर. मोठे चौसोपी घर, त्यात दोन वृद्ध जीव, आणि हाकेच्या अंतरावर शेजार असलाच तर असला, हे चित्र बार्देशपासून काणकोणपर्यंत कोठेही दिसते. रस्त्यावर अपघात झाला तर दहा माणसे जमतात. न्हाणीत झालेला अपघात मात्र कित्येकदा घरातल्या घरातसुद्धा कळत नाही.

तो न कळण्याचे पहिले कारण असे की, पडलेले माणूस तो लपवते. आपल्यामुळे मुलांस रजा पडू नये, सुनेस त्रास नको, डॉक्टरांचा खर्च नको, ही भावना त्यामागे असते. परंतु आणखी एक कारण आहे आणि ते आम्हां धडधाकटांस लाज आणणारे आहे. वडीलधारे माणूस पडले की आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो, “कोणी सांगितले होते तिकडे जायला?” असा. त्यात माया असते हे खरे. पण ऐकणाऱ्यास तो दटावणीसारखाच लागतो. एकदा असे बोलणे खाल्लेली आजी दुसऱ्या वेळी पडली तर लुगड्याचा पदर सावरून गप्प बसते. आपले हिंडणे-फिरणे बंद होईल, देवळात जाणे थांबेल, ही भीती तिला दुखण्याहून मोठी वाटते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, पडलेल्या वृद्धास प्रश्न विचारावा तो “कोठे लागले?” आणि “कसे झाले?” एवढाच. उपदेशासाठी पुढे सवड मिळते.

पडल्याबरोबर ओढून उभे करण्याची घाई करू नये. माणूस शुद्धीवर आहे काय, नेहमीसारखे बोलते काय, मान किंवा पाठ दुखते काय, हातपाय हलतात काय, हे आधी पाहावे. उतारवयात साध्या पडण्यानेही मानेचा मणका मोडू शकतो. मानेत तीव्र वेदना असेल किंवा हातापायांस मुंग्या व बधिरता आली असेल तर त्यास हलवू नये. आहे तेथेच उशी न देता निजवून १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात पाणी वा कॉफी ओतणे हा प्रेमाचा पण धोक्याचा प्रकार आहे. ते पाणी श्वासनलिकेत जाते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. मूर्च्छा आली असेल, आकडी आली असेल, एका बाजूची शक्ती गेली असेल, बोलणे बोबडे झाले असेल, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल, छातीत दुखत असेल वा श्वास लागत असेल, तर वाट पाहण्यासारखे काहीच उरत नाही. त्या घरातून रुग्णवाहिका निघालीच पाहिजे.

आता सर्वांत फसव्या प्रकाराकडे वळू. तो म्हणजे डोक्यास लागलेला मार. वयोमानानुसार मेंदू थोडासा आक्रसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. हलक्याशा आपटण्यानेही त्यांतील एखादी तुटते आणि रक्त हळूहळू पाझरू लागते. आत रिकामी जागा असल्यामुळे आरंभी दाब जाणवत नाही. माणूस जेवते, हसते, जपमाळ ओढते. रक्त साचत जाते आणि कधी काही तासांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा ते मेंदूस दाबू लागते. तोपर्यंत ते पडणे घरातील सर्वजण विसरलेले असतात. बाहेर जखम नाही, टेंगूळ नाही, म्हणून आत काही नाही असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे. डोके प्रत्यक्ष आपटले नाही, नुसता जोराचा हिसका बसला, तरीही असे होऊ शकते.

याची चिन्हे कोणती? दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, दिवसाही येणारी झापड, चालताना एका बाजूस झोक जाणे, एक पाय फरफटणे, हातातील पेला निसटणे, शब्द न आठवणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे आणि विशेषतः स्वभावात व वागणुकीत पडलेला फरक. कालपर्यंत पंचांग पाहून तिथी सांगणारे आजोबा आज वार चुकतात, भाजीत मीठ दोनदा पडते, सदा बोलणारी आजी गप्प होते, शांत माणूस चिडते. आपल्याकडे अशा वेळी “साठी बुद्धी नाठी” म्हणून विषय संपवण्याची रीत आहे. या म्हणीने किती जीव घेतले असतील याची गणती कोणी केलेली नाही. विसरभोळेपणा वयाने येतो तेव्हा तो वर्षावर्षांनी येतो. पंधरा दिवसांत बुद्धी पालटली तर तो वार्धक्याचा भाग नव्हे, तो आजार आहे, आणि डॉक्टरांस पहिल्यांदा सांगावयाची गोष्ट हीच की, महिन्यापूर्वी हे माणूस पडले होते. खेदाची गोष्ट अशी की, या विकारावर उपाय आहे. सी. टी. स्कॅनमध्ये साचलेले रक्त बहुधा दिसते, आणि पुष्कळ रुग्णांत कवटीस लहान छिद्र पाडून ते काढून टाकता येते. वेळेवर उपचार झाल्यास गेलेली वाचा आणि चाल परत आलेली दिसते. असाध्य रोगाने माणूस गेले तर दैवास बोल लावावा. साध्य रोगाने, केवळ ओळखला न गेल्यामुळे गेले, तर कोणास लावावा?

हा धोका अनेक पटींनी वाढविणारी एक गोष्ट आज घराघरांतील फडताळात असते. हृदयविकार, पक्षाघात वा अनियमित नाडी यांसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, अपिक्साबान, डाबिगाट्रान ही त्यांतील काही नावे. या गोळ्या त्यांच्या जागी प्राणरक्षक आहेत. परंतु त्या घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्यास मार लागला तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी त्यास रुग्णालयात दाखवावे आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. पुढची गोळी द्यावी की थांबवावी हे डॉक्टरांसच विचारावे. घरच्या घरी बंद करणेही तितकेच घातक. डोके दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या तीव्र गोळ्या परस्पर देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो आणि वृद्धांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. पडल्याच्या रात्री झोपेची गोळी तर मुळीच नको; गोळीची गुंगी आणि मेंदूवरील दाबाची गुंगी कोणास वेगळी ओळखता येणार?

दुसरे मोठे संकट खुब्याच्या हाडाचे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेस, आणि पुरुषांतही हे काही दुर्मीळ नाही, उंबरठ्यावर अडखळण्याएवढे निमित्त पुरते. पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळले तर निदान कोणीही करील. परंतु हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले तर माणूस लंगडत का होईना, चालतेसुद्धा. “चालते आहे, म्हणजे मोडलेले नाही” हा समज म्हणून सोडून दिला पाहिजे. जांघेत वा मांडीत, प्रसंगी गुडघ्यातच जाणवणारे दुखणे, त्या पायावर भार देण्याची टाळाटाळ, कुशीवर वळताना निघणारी कळ, ही चिन्हे क्ष-किरण चित्र काढण्यास पुरेशी आहेत. पहिल्या चित्रात काही दिसले नाही आणि दुखणे मात्र राहिले, तर पुन्हा दाखवावे. बारीक तडा कधी कधी साध्या चित्रात दिसत नाही. अशा वेळी तेल लावून चोळणे वा पाय ओढून ‘बसवून घेणे’ यांनी जुळलेले तुकडे सरकतात आणि साधे मोडणे अवघड होऊन बसते. परंपरागत उपचारांविषयी आमच्या मनात अनादर नाही; परंतु हाड मोडले नाही अशी खात्री होईपर्यंत त्यास हात लावू देऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

खुबा मोडल्यावर “या वयात शस्त्रक्रिया कशाला? पडून राहू दे” असा सल्ला देणारे आप्त प्रत्येक घरात असतात. वस्तुतः वृद्धास मारते ते पडून राहणेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीस व माकडहाडास जखमा पडतात. म्हणून प्रकृती झेपण्याजोगी असेल तर एक-दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून रुग्णास लवकरात लवकर उभे करावे, असा आधुनिक वैद्यकाचा दंडक आहे. शस्त्रक्रियेत धोका नाही असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ती टाळण्यातला धोका बहुधा अधिक असतो, हे नातेवाइकांच्या बैठकीत कोणीतरी सांगितले पाहिजे.

याखेरीज काही गोष्टींकडे सहज दुर्लक्ष होते. बसल्या जागी आपटल्यावर कंबरेत दुखू लागले तर पाठीचा मणका दबलेला असू शकतो. त्यासोबत लघवी अडली, पाय लुळे पडले किंवा जांघेभोवती बधिरता आली तर तातडीने रुग्णालय गाठावे. बरगडीस मार बसला की वृद्ध माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि चार-पाच दिवसांनी ताप येतो. तो पावसाळी सर्दीचा ताप समजू नये. एकटे राहणारे माणूस पडून तासाहून अधिक वेळ जमिनीवरच राहिले असेल, तर हाड शाबूत असले तरी त्यास तपासून घ्यावे. शरीराच्या भाराने दबलेले स्नायू झिजून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लघवी कमी होणे किंवा ती गडद तपकिरी रंगाची होणे, ही त्याची खूण होय.

आणखी एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. माणूस पडले म्हणून आजारी झाले, की आजारी होते म्हणून पडले? “पाय घसरला” हे उत्तर देणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास दोघांसही सोईचे असते. परंतु कसे पडलो हे नीट आठवतच नसेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, छातीत धडधड झाली असेल, तर दोष शेवाळाचा नव्हे. नाडीची अनियमितता, हृदयविकाराचा झटका, साखर एकाएकी उतरणे, रक्तक्षय, लघवीचा संसर्ग, अंगातील मीठ कमी होणे, यांपैकी काहीही पडण्याच्या रूपाने प्रथम प्रगट होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेऊन उपवास धरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एकादशीचे पुण्य आणि साखरेची गोळी यांचा मेळ डॉक्टरांस विचारूनच घालावा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी अंथरुणातून उठताना रक्तदाब एकदम उतरतो अथवा तोल जातो; म्हणून निजलेल्या व उभ्या अशा दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजावयास सांगावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर तो पक्षाघात समजावा. त्यातील गुठळी विरघळविण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. काणकोणहून बांबोळीचे अंतर साठ किलोमीटरांहून अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे “सकाळी पाहू” या दोन शब्दांची किंमत कळते.

मग घरच्यांनी करावे काय? पहिले चोवीस तास वृद्धास एकटे सोडू नये; रात्री कोणीतरी त्याच खोलीत निजावे आणि हाक मारल्यावर ते नीट ओ देते की नाही, हे डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे पाहावे. पडल्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढील तीन महिने तिचा विसर पडू देऊ नये. परदेशी असलेल्या मुलाने रोजच्या दूरध्वनीवर “बरी आहेस ना?” एवढेच न विचारता, काल काय जेवलीस, कोण येऊन गेले, असे दोन प्रश्न अधिक विचारावेत, उत्तरांतील गोंधळ कानांस कळतो. एकट्या राहणाऱ्यांच्या शेजाऱ्यांनी सकाळी दार उघडले की नाही एवढे पाहिले तरी तो मोठा धर्म होय. मात्र सावधगिरीच्या नावाखाली वृद्धास खाटेवर बांधून ठेवू नये. पडण्याच्या भीतीने चालणे बंद झाले की स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. न्हाणीत धरावयास दांडी, खरखरीत लादी, रात्री जळणारा दिवा, जुन्या झिजलेल्या चपलांची रजा आणि डोळ्यांची वेळेवर तपासणी, एवढ्याने पुष्कळ साधते.

शासनाकडेही आमचे मागणे आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याच्या विसाव्या कलमात, सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तेवढ्या खाटा, वेगळी रांग आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी खास सोय असावी असे म्हटले आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१० साली सुरू झाला. कायदा आणि योजना कागदावर असणे वेगळे आणि सत्तरीच्या बाईंस बाकावर तीन तास बसावे न लागणे वेगळे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या वृद्धास “गेल्या वर्षभरात पडलात काय?” हा एक प्रश्न नेमाने विचारला जावा. पडून आलेल्यास घरी पाठविताना धोक्याच्या चिन्हांची छापील चिठ्ठी मराठीत व कोकणीत, ठळक अक्षरांत, हाती द्यावी. यास फारसा खर्च नाही. ग्रामपंचायतींनी पावसापूर्वी सार्वजनिक पायऱ्यांवरील शेवाळ खरवडावे, आणि देवस्थान समित्यांनी देवळांच्या व तळ्यांच्या पायऱ्यांस हातधरण्या बसवाव्यात. ज्यांच्या दर्शनाच्या ओढीने ही देवळे जागती राहिली, त्या म्हाताऱ्या पायांसाठी एवढे करणे ही सेवाच आहे.

चतुर्थीस परगावची मुले घरी येतात, माटोळी बांधली जाते, घर भरून जाते. त्या वेळी आईच्या चालीत, बाबांच्या बोलण्यात गेल्या वेळेपेक्षा काही फरक पडला आहे काय, हे प्रत्येकाने न्याहाळावे आणि मध्यंतरी कधी पडणे झाले होते काय, हे न रागावता विचारावे. दहा वृद्ध पडले तर त्यांतील बहुतेकांस खरोखरच काही झालेले नसते, आणि घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ‘काही झाले नाही’ हा निर्णय पुरेसे दिवस नीट पाहिल्यानंतर द्यावयाचा असतो. तोवर ते वाक्य पडलेल्याच्या तोंडून ऐकून घ्यावे, आणि आपण मात्र पाहत राहावे.